संत्र्याची साल आणि तुटलेले दोरे: नव्या स्तनाला स्पर्श का कळत नाही?

डिसेंबरातली नागपूरची थंडी. महालातल्या जुन्या घरात मावशी रात्री गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन झोपली आणि झोपेत पिशवी वर सरकली. सकाळी आंघोळीच्या वेळी आरशात पाहते तर डाव्या छातीवर रुपयाएवढा फोड. "मले काहीच लागलं नाही गं," ती फोनवर सांगत होती, "आरशात पाह्यलं नसतं तर समजलंच नसतं."

तिच्या ऑपरेशनला तेव्हा आठ महिने झाले होते. कॅन्सरमुळे डावा स्तन काढावा लागला आणि त्याच वेळी पोटावरची कातडी-चरबी घेऊन नवा घडवला. काम झकास झालं होतं. जुने ब्लाऊज बसत होते, पदर पूर्वीसारखाच राहत होता. ऑपरेशनआधी तिला बरंच काही समजावलंही होतं: नळ्या किती दिवस राहतील, पोटावरचा व्रण केवढा असेल, केमो कधी, बिल किती. नवा स्तन बधिर असेल, एवढं मात्र कोणी बोललं नाही. सगळा ठपका मी डॉक्टरांवर ठेवत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

मध्यंतरी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक क्लिप फिरली: 'आता पुनर्रचना केलेल्या स्तनात स्पर्शही परत येतो!' मावशीने ती मला पाठवली आणि खाली एकच शब्द लिहिला, "खरं?" मी डॉक्टर नाही, आरोग्याच्या विषयांवर लिहिते. महिनाभर वाचलं, दोन सर्जनांशी बोलले. उत्तर 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही.

आधी 'नस' कोणती ते ठरवू

आपल्या बोलण्यात 'नस' हा शब्द दोन कामं करतो. सलाईन लावायला नस सापडत नाही म्हणतो ती रक्तवाहिनी. कंबरेत नस दबली म्हणतो तो मज्जातंतू. या लेखात नस म्हणजे दुसरी, निरोप वाहणारी. गरम, थंड, टोचलं, कुरवाळलं, कपडा घासला, हे सगळं कातडीपासून मेंदूपर्यंत तीच नेते.

दुसरा शब्द 'पुनर्रचना'. काढलेल्या स्तनाच्या जागी नवा उभारणं. त्याचे ढोबळ प्रकार दोन. एकात सिलिकॉनची पिशवी बसवतात, तिला इम्प्लांट म्हणतात. दुसऱ्यात रुग्णाचीच कातडी आणि चरबी, बहुतेकदा पोटावरची, कधी पाठीवरची, छातीवर आणतात. तिला फ्लॅप म्हणतात. मावशीचा फ्लॅप होता.

संत्रं सोलताना काय तुटतं

नागपूरच्या वाचकाला हे समजावायला संत्र्याहून सोपं काही नाही. आपलं संत्रं सैल सालीचं, नखाने सहज सुटणारं. सोलताना साल आणि फोडी यांच्यामधले पांढरे दोरे पाहा. काही सालीला चिकटून येतात, काही फोडींवर राहतात, आणि दोन्हीकडे धरून असलेले तटातट तुटतात.

आपण साल टाकून फोडी खातो. सर्जन उलटं करतो, फोडी काढतो आणि साल ठेवतो. कॅन्सर असतो दुधाच्या ग्रंथींत, म्हणजे फोडींत. शक्य असेल तिथे वरची कातडी, कधी कधी स्तनाग्रही, जागेवर ठेवतात, म्हणजे नवा स्तन नैसर्गिक दिसतो. पण फोडी काढताना दोरे तुटतातच.

हे दोरे येतात कुठून? छातीच्या फासळ्यांमधून. साधारण दुसऱ्या ते सहाव्या फासळीच्या पट्ट्यातल्या नसा स्तनाला पुरवठा करतात. काही बगलेखालून, बाजूने शिरतात. काही छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने, समोरून. स्तनाग्राची मुख्य मदार चौथ्या नसेच्या बाजूच्या फांदीवर असते, आणि खरी अडचण इथेच आहे. बहुतेक बायकांत ही फांदी कातडीखालून सरळ जात नाही. ती आधी स्तनाच्या तळाशी, स्नायूला लागून सरकते आणि मग ग्रंथींच्या मधून वर चढून स्तनाग्राला पोचते. ग्रंथी काढायच्या तर ही वाट तुटणारच. स्तनाग्र वाचवलेलं असूनही ते बधिर का, हा प्रश्न पुष्कळ जणींना पडतो. दिवा जागेवर आहे, वायर भिंतीतून काढलेली आहे.

(डॉक्टरांच्या पुस्तकात संत्रं याआधीच आहे, जाता जाता सांगते. छातीवरची कातडी जाड होऊन तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसू लागले तर ती धोक्याची खूण मानतात. तसं दिसलं तर लेख नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा.)

बधिरपणा म्हणजे नुसतं 'कळत नाही' नव्हे

विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं. नागपूरहून शंभरेक किलोमीटरवर. आमच्या पिढीच्या शाळांच्या सहली तिथे जायच्या. कुष्ठरोगात बोटं 'झडतात' असा आमचा बालसमज तिथेच दूर झाला. रोग नसा मारतो. मग गरम भांडं कळत नाही, काटा कळत नाही, जखम चिघळते, आणि बोटं जातात ती या न कळलेल्या जखमांपायी.

स्तनाचा बधिरपणा इतका क्रूर नसतो. पण तत्त्व तेच, वेदना ही पहारेकरी आहे. पुनर्रचनेनंतर शेकाच्या पिशवीने, हीटिंग पॅडने, अगदी गडद रंगाच्या पोहण्याच्या कपड्यातून उन्हाने भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आपल्याकडे त्यात गोळाभातावरच्या फोडणीच्या तेलाचा उडालेला थेंब आणि चुलीची धग धरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो ते वेगळंच.

बधिरपणा मोजायची रीतही कुष्ठरोगाच्या दवाखान्यातलीच. वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू एकेका दांडीला लावलेले असतात. रुग्णाने डोळे मिटायचे, तंतू वाकेपर्यंत कातडीवर टेकवायचा, कळलं तर 'हो' म्हणायचं. प्रत्येक तंतू ठरलेल्या जोरालाच वाकतो. मधुमेह्यांच्या तळपायाला टेकवतात तो दहा ग्रॅमचा तंतू याच कुळातला. स्तनाची संवेदना परत आली की नाही, हेही याच तंतूंनी तपासतात.

कारल्याचा वेल आणि सुतळी

कापलेली नस परत वाढते का? वाढते. मेंदूतल्या किंवा मणक्यातल्या तंतूंना हे सहसा जमत नाही, छातीतल्या नसांना जमतं. कापलेल्या जागेपासून पुढचा भाग मरतो. मागचं टोक मात्र जिवंत असतं, आणि काही दिवसांनी त्याला कोंब फुटतात.

परसातल्या कारल्याच्या वेलासारखं आहे हे. जमिनीतून निघालेल्या वेलाला मांडवापर्यंत सुतळी बांधून दिली तर तो सुतळी धरून नीट वर जातो. सुतळी नसेल तर जमिनीवर इकडेतिकडे पसरतो, स्वतःभोवतीच गुंडाळतो, गुंता करून बसतो. नसेचंही तसंच. पुढचं टोक जवळ असेल तर कोंब त्याच्या रिकाम्या नळीत शिरतात आणि कातडीपर्यंत जातात. नसेल तर वाट चुकतात. त्यांचा गुंता झाला की त्याला न्यूरोमा म्हणतात, आणि तो दाबला की चमक मारते.

वाढीचा वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला तीनेक सेंटिमीटर. स्तनाच्या बाजूपासून स्तनाग्रापर्यंत समजा दहा सेंटिमीटर अंतर आहे. सगळं सुरळीत झालं तरी शंभर दिवस प्रवासाचे. त्याआधी कोंब फुटायचा वेळ, नंतर कातडीत मुळं धरायचा वेळ. म्हणून या विषयात महिन्या-दोन महिन्यांत काही ठरत नाही, वर्ष-दोन वर्षांचा हिशोब धरावा लागतो.

काही न करताही थोडी जाणीव येते. बहुधा काठाकाठाने, आजूबाजूच्या शाबूत कातडीतल्या नसा आत सरकतात म्हणून. फ्लॅपमध्ये ती इम्प्लांटपेक्षा जास्त येते असं साधारण चित्र आहे. कारण कळायला सोपं आहे. फ्लॅप हा जिवंत मांडव आहे, कोंब त्यात खालूनही घुसू शकतात. सिलिकॉनची पिशवी मध्ये भिंतीसारखी उभी राहते आणि वरची साल पातळ असते. रेडिएशन झालं असेल तर कातडीखाली व्रण घट्ट होतो आणि वेलाला आणखी त्रास.

नस जोडणं म्हणजे काय

आता त्या क्लिपमधल्या गोष्टीकडे. फ्लॅप घेताना सर्जन पोटावरची कातडी-चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट सोडवतो आणि छातीवर आणून तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतो. रक्त मिळालं नाही तर फ्लॅप मरेल, म्हणून हे जोडणं अपरिहार्यच. पण पोटाच्या त्या तुकड्याला स्वतःच्या नसाही असतात. पूर्वापार त्या कापून सोडून देत. आता काही सर्जन त्यातली एक लांब राखतात आणि छातीतल्या, बहुधा तिसऱ्या फासळीजवळच्या कापलेल्या नसेला जोडतात. वेलाला सुतळी बांधली.

मला यातला सगळ्यात सुंदर वाटलेला भाग सांगते. रक्तवाहिन्या जोडण्यासाठी छातीच्या मधल्या हाडाशेजारी, फासळ्यांपाशी, एक छोटी खिडकी करावीच लागते. ती नस त्याच खिडकीत भेटते. रस्ता आधीच खणलेला आहे, फक्त केबल टाकून घ्यायची आहे. (रस्ता आज करायचा आणि केबलसाठी उद्या पुन्हा खणायचा, हा आपल्या शहराचा खाक्या इथे चालत नाही. दुसऱ्यांदा खणणं फार महागात पडतं.) टाके केसाहून बारीक दोऱ्याचे, सूक्ष्मदर्शकाखाली. सहा-आठ तासांच्या शस्त्रक्रियेत थोडा वेळ वाढतो.

दोन टोकं एकमेकांना पुरत नसतील तर मध्ये सांधा घालतात. रुग्णाच्याच शरीरातली दुसरी, कमी कामाची नस, किंवा मृत्यूनंतर दान केलेल्या शरीरातली, पेशी काढून स्वच्छ केलेली नस. ही दुसरी म्हणजे अक्षरशः सुतळी, स्वतः जिवंत नाही पण आतल्या नळ्या शाबूत. इम्प्लांटमध्ये स्तनाग्र राखलेलं असेल तर बाजूच्या कापलेल्या नसेपासून स्तनाग्राच्या खालच्या बाजूपर्यंत असाच सांधा घालण्याची पद्धत अलीकडे निघाली आहे. काही सर्जन त्याही आधी, ग्रंथी काढतानाच, बाजूने येणाऱ्या नसा ओळखून जमतील तेवढ्या सोडवून ठेवतात. कापून जोडण्यापेक्षा न कापणं केव्हाही बरं.

पोटाच्या तुकड्याला हात लावला तर पोटाला लावल्यासारखं वाटेल का? मलाही आधी हाच प्रश्न पडला. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्यातल्या शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली होती. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून नवं केलं होतं. अशा नाकाची गंमत अशी की कातडी कपाळाला जोडलेली असेतोवर नाकाला स्पर्श केला तर तो कपाळावर जाणवतो. नस कपाळाची, म्हणून पत्ताही कपाळाचा. स्तनात मात्र पोटाची जुनी नस फक्त नळी म्हणून राहते. तिच्यातून वाढत येणारा कोंब छातीच्या नसेचा, म्हणून मेंदूला पत्ता छातीचाच मिळतो.

"मग सगळं पूर्वीसारखं होतं?"

नाही. 'स्पर्श परत येतो' म्हणणारी क्लिप इथे घाई करते. नस जोडलेल्या स्तनांत जाणीव लवकर आणि जास्त भागात येते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, पण त्यातले बरेच लहान आहेत आणि मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या. जे परत येतं ते बहुधा आधी संरक्षणाचं, म्हणजे दाब, टोचणं, थंड-गरम. मिठी मारली तर कळते, पाणी कढत आहे हे कळतं. बारीक, हळुवार स्पर्श आणि लैंगिक सुखाची संवेदना यांची हमी कोणी देत नाही. देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

ज्या शस्त्रक्रियेने संवेदना सर्वांत जास्त टिकते, तिच्यात पुनर्रचना बहुतेकदा लागतच नाही. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढायचा, स्तन ठेवायचा, मग रेडिएशन द्यायचं. इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटांनी बायकांना वीस वर्षं तपासलं. २००२ साली दोघांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: योग्य रुग्णांत स्तन राखला काय, काढला काय, जगण्याच्या शक्यतेत फरक नाही. आपल्याकडे निदान बरेचदा उशिरा होतं, गाठ मोठी झालेली असते, म्हणून हा पर्याय हातचा जातो. पण पुष्कळदा 'सगळंच काढून टाका, डोक्याला ताप नको' असं घरचेच म्हणतात. नवरा म्हणतो, सासू म्हणते, जिची छाती तिला कोणी विचारत नाही.

"जीव वाचला ना, आता हे काय काढलं?"

हे वाक्य मावशीला सख्ख्या जावेने ऐकवलं. वरच्या आवाजात नाही, प्रेमाने. आणि मावशीलाही ते पटलं, म्हणून पुढे वर्षभर ती गप्प बसली. आमच्या घरात स्तन हा शब्द फक्त रिपोर्टात असतो. तोंडाने 'ते ऑपरेशन' किंवा 'डावी बाजू'. शब्दच नसेल तर तक्रार कशाची करणार?

जीव आधी, यात वादच नाही. पण गुडघा बदलल्यावर माणूस 'चालता येईल का' विचारतो आणि त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही. 'वय झालं आता' हाही आक्षेप तसाच. साठीतल्या बाईला गरम पाणी कमी भाजतं का? आणि साठीतल्या बाईला जवळ घेतलेलं कळू नये, असं कोणी ठरवलं?

"नस राखण्याच्या नादात कॅन्सर राहिला तर?"

हा आक्षेप मात्र रास्त आहे. नस जोडण्याच्या बाबतीत भीतीचं कारण नाही. ग्रंथी आधीच काढून झालेल्या असतात, जोडणी त्यानंतर रिकाम्या जागेत होते. नस राखण्याच्या बाबतीत सर्जनला निवड करावी लागते. गाठ नसेच्या वाटेवर किंवा स्तनाग्राजवळ असेल तर ती नस जाऊ द्यायची, तिथे हट्ट नाही. म्हणून कॅन्सरचा सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघांनी ऑपरेशनआधी एकत्र बसून ठरवायला हवं.

नागपुरात मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानमध्ये एम्स आहे. विदर्भाबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगडातूनही रुग्ण इथे येतात. जाल तिथे सोपं विचारा. स्तन राखता येईल का? नाही तर पुनर्रचना लगेच होईल की नंतर? नसा जोडणारं कोणी आहे का, आणि आजवर किती जणींच्या जोडल्या? त्याचा वेगळा खर्च किती, आणि योजनेत किंवा विम्यात काय बसतं? उत्तर 'आमच्याकडे होत नाही' असं आलं तरी चालेल. तेही आधी कळलेलं बरं. केमो किंवा ऑपरेशन या प्रश्नांपायी लांबवायचं मात्र नाही.

"बधिर आहे, मग दुखतं कसं?"

तंबोऱ्याची तार तुटली तरी लोंबणारं टोक झणझणतं. कापलेली नस काहीबाही निरोप पाठवत राहते, म्हणून बधिर जागीच झिणझिण्या, खाज, चटका. काढलेला स्तनच दुखतोय असंही काहींना वाटतं, आणि तो मनाचा खेळ नसतो. बगलेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची नस दुखावली जाते, त्याने दंड सुन्न पडतो, तेही याच गोष्टीतलं. नसेच्या दुखण्याची औषधं नेहमीच्या वेदनाशामकांहून वेगळी असतात. दुकानातून गोळ्या आणून गिळत बसू नका.

"माझं तर होऊन गेलंय"

मावशीसारख्या बऱ्याच जणींचं. नंतरही नस जोडता येते, विशेषतः इम्प्लांट काढून फ्लॅप करायची वेळ आली तर. पण जुन्या व्रणातून टोकं शोधणं अवघड. म्हणूनच पहिल्या ऑपरेशनआधी विचारा म्हणते.

बाकी घरचे उपाय आहेत, कंटाळवाणे पण खरे. आंघोळीचं पाणी दुसऱ्या बाजूच्या कोपराने तपासायचं. शेक आणि बर्फ छातीवर बंद. रोज आरशात पाहायचं, स्तनाखालच्या घडीत खास करून. आणि कातडीला शिकवायचं: मऊ सुती कापड, मग खरखरीत पंचा, मग खोबरेल तेलाचा हात, पाहत पाहत, रोज पाच-दहा मिनिटं. आलेले तुटक निरोप वाचायला मेंदूला सराव लागतो.

मावशीच्या ऑपरेशनला आता अडीच वर्षं झाली. परवा तिच्याकडे गेले तेव्हा डोळे मिटून बसली आणि मला म्हणाली, "लाव बोट." मी झाडूची एक काडी घेतली. बगलेकडच्या काठाला टेकवली, "हो." दोन बोटं आत, "हो, पण दूरून आल्यासारखं." मध्यभागी काहीच नाही. ती बराच वेळ डोळे मिटूनच होती. मग म्हणाली, "अर्धा काठ तरी आला."

गरम पाण्याची पिशवी आता काकांच्या गुडघ्यांकडे गेली आहे.